फळीवरची मरिया

"जरा रडा की, बाई," गास्पारो पुन्हा म्हणाला. "मांडीवर मेलेला मुलगा आहे तुमच्या. भाजीची टोपली नव्हे."

मांडीवर खरं तर गुंडाळलेलं घोंगडं होतं. ऑर्सोलानं ते सावरून घेतलं. "रडण्याचं नंतर बघू," ती म्हणाली. "तुम्ही चित्र काढा."

काम घाईचं होतं. बोलोन्या शहरात कुणाला फाशी द्यायची झाली, की चर्चचे धर्मबंधू त्याच्या तोंडासमोर चित्राची फळी धरून चालत. मरणाऱ्यानं गर्दी बघू नये, दोर बघू नये. ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मरियाच बघावी आणि पश्चात्ताप करून जावं. जुन्या फळीवरच्या मरियाचं नाक-तोंड कैद्यांनी मुके घेऊन घेऊन पुसून टाकलं होतं. नवी फळी शुक्रवारी हवी होती, बेत्तोसाठी. या बेत्तोनं फाशांच्या डावावरून एका विणकराच्या पोराला भोसकलं होतं.

फळीची बातमी गावात फुटली आणि ही बाई दारात येऊन उभी राहिली. मरियासाठी मला बसवा म्हणाली. बाकी एवढंच विचारलं, "बेत्तोच्या डोळ्यांसमोर हीच धरणार ना? अगदी शेवटपर्यंत?"

गास्पारो काय ते समजला. फाशीच्या वाटेवर नातलगांना जवळ फिरकू देत नसत. धर्मबंधूंना हे कळलं असतं तर त्याला पुन्हा काम मिळालं नसतं. पण त्याची स्वतःची आई परगावी वारली होती, भेट न होताच. त्यानं बाईला आत घेतलं आणि पुढं काही विचारलं नाही.

"हात असा राहत नाही," ती चित्राकडे बघून म्हणाली. "जीव गेला की घसरतो. किती वेळा उचलून छातीवर ठेवा, घसरतोच."

त्यानं हात बदलला.

"आणि तिची नजर समोर हवी, मास्तर."

"अहो, मरिया मुलाकडे बघते. सगळे तसंच काढतात."

"काढेनात का. हिला बघणाऱ्याकडे बघू दे."

गास्पारोला भरून आलं. त्यानं नजर समोर काढली.

शुक्रवारी चौकात माणूस मावत नव्हतं. बेत्तो गाडीतून शिव्या हासडत आला. फळी समोर आली आणि त्याची बोबडी वळली. त्यानं मान फिरवली, तशी फळीही फिरली. त्यानं डोळे मिटले. "बघ, बाळा, बघ तिच्याकडे," धर्मबंधू कानाशी लागून म्हणत राहिला. शेवटी बेत्तो हुंदके देतच शिडी चढला. असा पश्चात्ताप कित्येक वर्षांत कुणाला झाला नव्हता, असं लोक घरी जाताना बोलत होते.

ऑर्सोला भिंतीशी उभी होती. आता मात्र तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गास्पारो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेला.

"त्यानं ओळखलं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "शेवटपर्यंत आईच होती त्याच्यासमोर."

"त्याची आई कोण, मला नाही ठाऊक." तिनं डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. "त्यानं भोसकला, तो पोरगा माझा."