लातूरचा तुकडा

तुकडे जोडून चित्र पूर्ण करणं हा मानवी मेंदूचा सर्वश्रेष्ठ व्यायाम आहे. त्यानं मुलांची बुद्धी वाढते आणि मोठ्यांची स्मरणशक्ती टिकते. हे खोक्यावरच छापलं होतं. त्याखाली 'वय तीन ते सहा' असंही होतं, पण रेणापूरच्या रेवणप्पांनी तेवढ्यावर अंगठा ठेवून खोकं बायकोला दाखवलं. शिवम्मांना हल्ली विसरायला होत होतं आणि डॉक्टरांनी असलंच काहीतरी आणायला सांगितलं होतं.

पझल महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं होतं. शिवम्मांनी नांदेड बसवलं, बीड बसवलं, उस्मानाबादही बसवलं. एक तुकडा मात्र त्यांनी रेवणप्पांच्या हातात परत दिला.

"ह्यो फालतू आलाय. दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

"अगं, लातूर हाय ते. बसव की, जागा हाय तितं."

"लातूर उस्मानाबादेतच हाय की. त्याला येगळा तुकडा कशाला?"

"येगळा जिल्हा हाय लातूर. ब्याऐंशी साली झाला."

"ब्याऐंशीला लई अवकाश हाय अजून," शिवम्मा म्हणाल्या.

रेवणप्पा पोट धरून हसले. मग हसता हसताच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचं लग्न त्र्याऐंशीचं.

 

शिवम्मांनी डोक्यावरून पदर घेतला, टँकरच्या पाण्यानं भरलेल्या घागरीकडं बोट केलं आणि खाली बघत म्हणाल्या, "भाऊ, जाताना तेवढी घागर उचलू लागा."