संध्याकाळची खरखर

ती दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकायची, म्हणून तिथल्या वसाहतीत मोबाइललासुद्धा बंदी होती. तरी गेला महिनाभर रोज संध्याकाळी तिच्या नोंदींत एक बारीक खरखर उमटत होती. कुणी म्हणे नव्या जातीचा तारा, कुणी म्हणे परग्रहावरचे पाहुणे. चहावर पैजा लागल्या. शेवटी साहेबांनी इंजिनिअरला दम भरला, "छडा लावल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

हातात छोटा अँटेना धरून तो वसाहतभर फिरला. खरखर वाढत वाढत थेट त्याच्याच घराच्या दारात आली.

स्वयंपाकघरात बायको बेबी मॉनिटर, बाळाचा आवाज रेडिओलहरींवरून दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र, कानाशी धरून बसली होती. त्याचा दुसरा भाग आतल्या खोलीत, रिकाम्या पाळण्यापाशी सुरू होता. बाळ होतं तेव्हा बंदीपायी त्यानेच ते यंत्र खोक्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. बाळ झोपेतच गेलं, तेव्हा दोघं याच स्वयंपाकघरात जेवत होते.

"जरा गप्प बस," ती हळूच म्हणाली. "मधूनच श्वास ऐकू येतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "सापडलं का?"

 

"नाही साहेब. फार लांबून येतंय ते."