कुमुदआत्याचा गळा

अंतरपाट धरला आणि कुमुदआत्याचा यांत्रिक गळा बंद पडला. सेवा गुंडाळत असल्याचं कंपनीनं सकाळी सहर्ष कळवलं होतं. वेळ तेवढी कळवली नव्हती. भाचीसाठी रचलेली मंगलाष्टकं हातात धरून आत्या मुक्यानं रडू लागली.

"गुरुजी, थांबा!" नवरी रेवतीनं मुंडावळ्या मागे सारल्या आणि फोनवरून आत्याच्या गळ्यात जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर घातलं.

"अगं, मुहूर्त टळेल!"

"टळू दे."

आत्या खणखणीत गायली. कंपनीचा गळा दर दोन कडव्यांनी जाहिरात लावायचा, हा थांबेचना. वऱ्हाडाच्या अक्षता संपल्या.

"हे बंद कुठून करायचं?" अंतरपाटाआडून नवरदेव कुजबुजला.

"आता ते आत्याशिवाय कोणालाच जमणार नाही," रेवती अभिमानानं म्हणाली.