एक पाऊल पुढे

मनवाच्या हातून चेंडू सुटला आणि कालिंदीबाईंची नजर आपोआप पायरीकडे गेली. पायरीवर कोणी नव्हतं.

"शिवा, एक पाऊल पुढे," खेळाच्या टीचर म्हणाल्या.

चेंडू टाकणारा शिवा कुरकुरत पुढे सरकला. सोडला तिने आणि हलायचं मी का, असं त्याचं म्हणणं. कालिंदीबाईंनाही ते उलटंच वाटलं. परळच्या या शाळेत तीस वर्षं त्यांनी खेळ शिकवला होता, आणि त्यांचा नियम सरळ होता. ज्याच्या हातून चेंडू सुटेल, तो पायरीवर.

क्रीडादिनाची बक्षिसं द्यायला त्यांना बोलावलं होतं. कार्यक्रम दहाचा होता. त्या नऊलाच गिरगावहून येऊन पटांगणाच्या कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. निमंत्रणाखाली खेळाच्या टीचर म्हणून संघमित्रा मोहिते अशी सही होती. ती वाचल्यापासून त्यांना तिला एकटीला गाठायचं होतं. दोनच शब्द बोलायचे होते, पण चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते.

तिसरीची मुलं दोन रांगा करून समोरासमोर उभी होती. हातात जुने मोजे एकात एक कोंबून शिवलेले चेंडू. मनवा चेंडू येताना दिसला की डोळे मिटून घेई आणि चेंडू तिच्या छातीवर आपटून खाली पडे. शिवा आणखी एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक.

"टीचर, आता हिच्या घरी जाऊन देऊ का?"

रांग हसली. संघमित्राही हसली. तिला झेलता येईल असा टाक, मग जा मागे, असं तिने त्याला सांगितलं. शिवाने अगदी जवळून, जपून चेंडू सोडला. या वेळी मनवाने एक डोळा उघडा ठेवला. चेंडू तिच्या ओंजळीत राहिला. ती इतका वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली की शेवटी शिवालाच तो परत मागावा लागला.

मुलं पाणी प्यायला गेली तशी संघमित्रा चहाचे दोन कप घेऊन आली आणि खुर्चीशेजारच्या पायरीवर बसली. तीच पायरी. फक्त वर आता लादी बसवली होती.

मोज्यांचे चेंडू का, असं बाईंनी विचारलं. लागत नाहीत म्हणून, ती म्हणाली. रबरी चेंडू ती दिवाळीनंतर देते.

कालिंदीबाई पहिल्या दिवसापासून रबरी चेंडू देत. पाच पावलांवरून, शिट्टीवर.

"तू इथेच बसायचीस," त्या म्हणाल्या.

"हो बाई. तिसरी आणि चौथी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "सगळ्यांचे चष्मे, क्लिपा, प्रितीचं घड्याळ. फ्रॉकच्या घेरात घेऊन बसायचे."

"मला वाटायचं, काहीतरी काम दिलं तर तुला वाईट वाटणार नाही. आणि तू कधी एक वस्तू हरवली नाहीस. मी शिक्षकांच्या खोलीत सांगायचे सगळ्यांना."

संघमित्राने कपातली साय बोटाने बाजूला केली.

"मला वाटायचं, एखादी हरवावी. म्हणजे तुम्ही ते काम काढून घ्याल आणि मला खेळायला घ्याल. घड्याळ एकदा त्या जाळीपर्यंत नेलं होतं." तिने कोपऱ्यातल्या गटाराच्या जाळीकडे हनुवटी केली. "हिंमत झाली नाही."

माफीचे ते दोन शब्द आठवडाभर कालिंदीबाईंनी मनात घोळवले होते. ते आता या वाक्यासमोर फार लहान वाटायला लागले. तोवर मुलं परत आली.

आता आजी आणि टीचर खेळणार, असं शिवाने ठरवून टाकलं. बाकीच्यांनी गलका केला. संघमित्रा नको म्हणत होती. मनवाने पुढे येऊन कालिंदीबाईंच्या हातात मोज्यांचा चेंडू दिला आणि हळूच सांगितलं, "आमच्या टीचरला पण झेलता येत नाही. त्यांनी आम्हाला सांगितलंय."

कालिंदीबाई उठल्या. संघमित्रा समोर जाऊन उभी राहिली. मधे पाच पावलं. बाईंचा हात अजून नेमका होता. चेंडू उंच न जाता सरळ तिच्या हातांकडे गेला. तो पोहोचण्याआधीच तिचे डोळे मिटले. चेंडू खाली पडला.

"आजी, एक पाऊल पुढे," मुलं एका सुरात म्हणाली.

त्या पुढे आल्या. मनवाने चेंडू उचलून दिला. पुन्हा तेच झालं. आजी, एक पाऊल पुढे. त्यांचा गुडघा दुखायला लागला होता, पण त्या पुढे येत राहिल्या. प्रत्येक वेळी त्यांनी आधीपेक्षा हळू टाकला, आणि प्रत्येक वेळी चेंडू तिच्या बोटांना लागून खाली पडला. आता कोणी हसत नव्हतं.

शेवटी दोघींमध्ये टाकण्याइतकं अंतरच उरलं नाही. कालिंदीबाईंना संघमित्राच्या कानशिलावरचे चार पांढरे केस दिसत होते. तिने ओंजळ पुढे केलेली होती, तिसरीत करायची तशीच, कोपरं अंगाला चिकटवून.

बाईंनी चेंडू त्या ओंजळीत ठेवला. आपला हात मात्र त्यांनी काढला नाही.

संघमित्राचे डोळे अजून घट्ट मिटलेलेच होते.