पहिल्या पानावरचं नाव

फासावर जाणारा कैदी स्वतःच गोष्ट सांगतो आणि खरा खुनी शेवटच्या पानावर कळतो, अशी एक कादंबरी राजारामपुरीतल्या वाचनालयात लई चालायची. ग्रंथपाल नागाप्पा भारी खोडील. पुस्तक नेणाऱ्याचंच नाव तो पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहायचा आणि पुढं 'हाच खुनी!' माणसं शिव्या घालत, हसत पुस्तक परत आणायची.

उदयसिंह मात्र हसला न्हाय. भर दुपारी, वाचनालयात कुणी नसताना तो आला आणि त्यानं आतनं दाराला कडी घातली.

"उदयदादा, गंमत केली की वो!" नागाप्पाला दरदरून घाम फुटला.

उदयसिंहानं पुस्तक हळूच टेबलावर ठेवलं.



"गारगोटीला खून करताना मला तू एकट्यानंच बघितलंस, का आणखी कोण हुतं?"