सांता शोभायला हवा

“पोट खरं की उशी बांधलीस?” हौसाकाकीने विचारलं.

“खरंच आहे, काकी,” विनीत हसला. लाल डगला, पांढरी दाढी आणि वर रत्नागिरीचं डिसेंबरातलं ऊन. घाम कानामागून ओघळत होता.

काकी झोपाळ्यावर. पुतण्या रूपेश अंगणात कॅमेरा लावून उभा. नाताळचा सिनेमा होता. सांता कोकणात वाट चुकतो अशी गोष्ट. आंब्याची बाग काकीची, खर्च काकीचा, तेव्हा सांता कोण हे काकीच ठरवणार, असं रूपेशने फोनवरच सांगितलं होतं. दोन वर्षं मोहोर करपला होता, तरी काकीने हात आखडला नव्हता.

विनीतला हे काम हवंच होतं. तीन वर्षांत एक वॉचमन आणि एक प्रेत, एवढ्याच भूमिका त्याच्या वाट्याला आल्या होत्या.

“चालून दाखव. कॅमेऱ्याकडे कशाला बघतोस? माझ्याकडे बघ.”

तो चालला.

“मेल्या, सांता आहेस की वरातीतला व्याही? सावकाश! जमिनीला वजन कळू दे.”

तो सावकाश आंब्यांखालून पार टोकाला निघाला. तिथून चिऱ्याच्या पायऱ्या खाली रानात उतरत होत्या.

“तिकडे नको. आज नको. हातमोजे काढ बघू. बोटं धड आहेत?”

विनीतने दहाही बोटं दाखवली.

“आधीचा आला होता त्याचा अंगठा तुटका,” रूपेश घाईने म्हणाला. “पोरं हात बघतात ना.”

“आणि त्याच्या आधीचा तासातासाला बायकोला फोन लावी. तुझं कोण आहे रे?”

“कोणी नाही. आई होती, ती गेली.”

“इथे आलायस ते कुणाला बोललास?”

“नाही. बातमी फुटायला नको, असं रूपेश म्हणाला होता.”

काकीने पायऱ्यांकडे नजर वळवली. झोपाळ्याची कडी करकरत राहिली. विनीतला वाटलं, गेलं हेही काम.

“काकी, एकदा हसून दाखवू? पोरं अजिबात घाबरणार नाहीत.”

“हसणं राहू दे. सांता कसा हवा, ऐक. तो आपल्या पायांनी यायला हवा, ओढून आणलेला नको. आणि परत जाताना कुणाला दिसता नये.”

“तोच तर सांता, काकी!”

काकी उतरली. त्याची टोपी मागे सारून तिने कपाळाला कुंकू लावलं. दोन्ही खांदे दाबून पाहिले. दंड पाहिले.

“शोभतोस हो. तुझंच काम हे.”

विनीतचे डोळे भरले. तो पाया पडायला वाकला, तशी काकी झटकन मागे सरली.

“तू नको पडू, बाबा. तुझ्या पाया आम्ही पडायचं.”

रूपेश त्याला नवा पंचा देऊन आंघोळीला मागच्या पडवीत घेऊन गेला. जाताना विनीत शीळ घालत होता.

अंगणाच्या दगडी गडग्यापाशी धोंडू गुरव मघापासून ताटकळत होता.

“वैनी, परवा अवस. खाली रानातल्या राखणदाराला वर्षाची राखण द्यायची. नेहमीसारखा कोंबडा आणून बांधू ना?”

काकीने पदर सारखा केला.

“यंदा कोंबडा नको, धोंडू.”