बंद रेकॉर्डर

सिंधमधून निर्वासित होऊन जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत आलेल्या ईश्वरीमावशींना आजवर रेकॉर्डर घेऊन येणारे आणि प्रश्न विचारून जाणारेच भेटले होते. या खेपेला मात्र संशोधन करणाऱ्या हिमानीने प्रश्न ठरवायला त्यांनाच बसवलं आणि विचारायलाही त्यांनाच पुढे केलं. रेकॉर्डरसुद्धा मावशींच्या हाती दिला. दोघी घरी गेल्या तेव्हा महिन्यापूर्वीच सिंधमधून आलेली शेजारीण पापड-पाणी पुढे ठेवून मोकळेपणी बोलू लागली. मागे राहिलेल्या लेकीचं नाव निघालं तसं तिला रडू कोसळलं. हिमानी नकळत पुढे सरकली. मावशींनी मात्र रेकॉर्डर बंद करून ओढणीखाली घेतला आणि पाण्याचा पेला शेजारणीच्या हाती दिला. बाहेर पडल्यावर हिमानीने हळूच विचारलं, "मावशी, काहून बंद केला? आत्ताच तर ती मनातलं सांगून राहिली होती." चप्पल घालता घालता मावशी म्हणाल्या, "म्हणूनच, बेटा. मी रडली, तेव्हा त्या लोकांनी रेकॉर्डर अजून जवळ सरकवला होता."